काळूरामचा गेरू

पनवेलजवळच्या चौक गावाच्या आतल्या अंगाला, माथेरानच्या डोंगराखाली जी पाचसात गावं आहेत, तिथे कुणाचा पाय लाल होऊन सुजला की लोक आधी काळूरामचं घर गाठायचे आणि मग देवाचं नाव घ्यायचे. काळूराम काही वैद्य नव्हता. दीड एकर भातखाचर, भावाबरोबर वाटून घेतलेली बैलजोडी आणि कुठल्याशा वॉचमनकडून मिळालेला खाकी कोट, एवढ्यात त्याचा संसार आटपत होता. पण धावरं उतरवायचा गुण त्याच्या हाताला आहे असं गाव म्हणायचं. आणि गाव एखादी गोष्ट वीस वर्षं म्हणत राहिलं की ज्याच्याबद्दल म्हणतात त्यालाही ती खरी वाटायला लागते.

धावरं हा पावसाळ्यातला आजार. चिखळणी आणि लावणीच्या दिवसांत माणूस महिनाभर गुडघाभर चिखलात उभा असतो. पायाच्या बोटांची बेचकी आधी पांढरी पडतात, मग फुगतात, मग चिरतात आणि त्यांना वास यायला लागतो. याला चिखल्या म्हणायचं. चिखल्यांना विचारतो कोण! ज्याला चिखल्या नाहीत तो लावणीला आलाच नाही, असं सरळ समजायचं. मग एखाद्याला भर दुपारी हुडहुडी भरते, जांघेत अवधाणाची गाठ येते आणि पायावर लाली चढू लागते. कातडी तापते, ताणते, चकाकते, आणि लालीची कड इतकी स्पष्ट असते की बोटानं दाखवता यावी. ती कड धावत वर जाते म्हणून ते धावरं. ती धावत निघाली कुठून, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

काळूरामचा बाप माथेरानला एका हॉटेलात ओझी वाहायचा. तिथून त्यानं हा उपाय आणला, कुणाकडून ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. दरवर्षी होळी झाली की काळूराम डोंगर चढून वर जायचा, एका ठरलेल्या जांभळाच्या बुंध्याशी तांबडी माती उकरायचा, घरी आणून ती वस्त्रगाळ करायचा आणि मडक्यात भरून ठेवायचा. दुकानातला गेरू त्याला चालत नसे. रोगी आला की ही माती पाण्यात कालवायची आणि कोंबड्याच्या पिसानं घोट्यापासून वर, लालीच्या पुढे चार बोटं जाईपर्यंत लावायची. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं. बोटांना गेरू लावायचा नाही, कारण बापानं लावला नव्हता. आणि शेवटी बजावायचं, तीन दिवस पाण्याचा थेंब लागता कामा नये. गेरू सुकून आपसूक गळेल तेव्हाच पाय बघायचा.

आता यातली खरी भीती पाहा. लाल पायावर लाल माती. खाली काय चाललंय ते तीन दिवस कुणाला दिसायचं नाही, खुद्द काळूरामलाही नाही. बरेच जण बरे व्हायचे. चिखलातून उठून तीन दिवस पाय लांब करून पडलं तर थोडेफार बरे होतातच. जे व्हायचे नाहीत त्यांचे दिवस भरले होते. त्यांच्या घरचे लोकसुद्धा काळूरामला बोल लावत नसत, उलट दिवाळीला नव्या भाताचे पोहे पाठवायचे. काळूरामही ते घ्यायचा. त्याच्या मनात पाप नव्हतं, पण पाप नसणं म्हणजे शहाणपण नव्हे.

अडुसष्ट सालचा आषाढ. काळूरामची बायको ठकूबाई लावणीला सगळ्या बायांच्या पुढे असायची. एका हातात आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ, दुसऱ्या हातानं टपाटप रोपं रोवत ती मागे सरकायची आणि बाकीच्या बायका तिच्या नावानं बोटं मोडायच्या, कारण तिच्या वेगाला त्यांनाही वेग धरावा लागे. त्या वर्षी तिच्या उजव्या पायाची दोन बेचकी चांगलीच चिरली होती. तिनं गॅरेजमधलं जळकं ऑइल लावून पाहिलं, चुना लावून पाहिला. मग सोडून दिलं. सोमवारी दुपारी बांधावर भाकरी खाताना तिच्या हातातला तुकडा थरथरून खाली पडला. घरी येईपर्यंत दात वाजत होते. रात्री दोन गोधड्या घालूनही ती कुडकुडत होती.

मंगळवारी सकाळी काळूरामनं तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाहिलं. पोटरी लालबुंद झाली होती.

"धावरं हाय," तो म्हणाला. त्याला खरं तर हायसं वाटलं. दुसरं काही असतं तर कुणाच्या दारात जायचं हा प्रश्न होता. धावरं तर घरातलंच.

त्यानं मडकं काढलं, माती कालवली. लोकांसाठी लावायचा त्याहून जाड थर लावला, पार गुडघ्याच्या वर. ठकूबाई आढ्याकडे बघत पडून होती.

"अवो, लई जळतंय," ती म्हणाली.

"गेरू सुकला का जळायचं थांबंल. पडून ऱ्हा गं."

त्याच दुपारी सरकारी दवाखान्यातली नर्स येसूबाई देवीच्या लशीसाठी गावात आली. ही ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली मुलगी. सगळा वाडा बौद्ध झाला तेव्हा ती सातवीत होती. पुढे ती शिकली, नर्स झाली आणि हमरस्त्यावरच्या दवाखान्यात लागली. तिच्या आजीला ज्या ओट्याच्या खाली उभं राहावं लागायचं, त्या ओट्यावर ती चपला काढून सरळ चढली. काळूरामनं सरकून वाट दिली. अडवायचे दिवस गेले होते. पण आत कुठेतरी ते त्याला खुपलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे जे झालं त्यात या खुपण्याचाही वाटा होता.

येसूबाईनं ठकूबाईच्या कपाळाला हात लावला, नाडी पाहिली. मग ती पायाशी बसली आणि तिनं पायाची बोटं फाकवली. ठकूबाई विव्हळली. बेचक्यात पांढरी कातडी लोंबत होती आणि तिच्याखाली ओलं, लाल मांस दिसत होतं.

"काळूकाका, हे बघा. इथनं शिरलंय," येसूबाई म्हणाली. "रोग पायात नाय उगवला. या चिरेतनं जंतू आत गेलेत, आणि आता रक्ताबरोबर वर चाललेत. चिखल्या बऱ्या केल्या असत्या तर हे झालंच नसतं."

"चिखल्या समद्यांनाच व्हतात," काळूराम म्हणाला.

"म्हणून तर दरवर्षी कुणी ना कुणी जातं. मला हा गेरू धुऊ द्या. लाली कुठवर आलीय ते बघायचंय. आणि काकीला दवाखान्यात घेऊन चला, पेनिसिलिनची इंजेक्शनं द्यावी लागतील."

"तीन दिस पानी नाय लावायचं."

"का पण?"

आजवर काळूरामला कुणी 'का' विचारलंच नव्हतं. शेजारचे दोघं-तिघं तोवर दारात येऊन उभे राहिले होते, त्यात सदू होता, पोशा होता. त्यांच्यादेखत काल-परवाची पोर आपल्याला विचारते आहे, याचा त्याला राग आला.

"माज्या बापापासनं चाललंय हे," तो म्हणाला. "तुजी लस टोच आन जा."

येसूबाई उठली नाही. पिशवीतून तिनं जांभळ्या औषधाची बाटली काढली. फोडांना, जखमांना लावायचं ते औषध, कातडीवर लागलं की चार-चार दिवस जात नाही. बेचक्यांत पुसून तिनं ते लावलं. मग काडीला कापूस गुंडाळून, गुडघ्याच्या वर जिथे गेरू संपत होता तिथे मांडीवर एक आडवी रेघ ओढली.

"गेरू नाय धुवायचा तर नका धुऊ. पण लाली या रेघेच्या वर दिसली की एक घटकाही थांबायचं नाही. उचलून आणायचं. मग मला शिव्या द्या हव्या तेवढ्या."

ती गेली. लोक हसले, पांगले. काळूराम बराच वेळ त्या जांभळ्या रेघेकडे पाहत बसला. वीस वर्षांत अशी रेघ त्यानं कधी ओढली नव्हती. ओढायची गरजच वाटली नव्हती.

बुधवारी सकाळी पावसानं जरा उघडीप दिली होती. ठकूबाई डोळे मिटून पडली होती, ओठ सुकले होते. काळूरामनं लुगड्याचा काठ उचलला. जांभळ्या रेघेच्या वर चार बोटं लाली आली होती.

त्यानं काठ खाली सोडला. पुन्हा उचलून पाहिलं. लाली तिथेच होती. गेरूच्या आतून, रेघेखालून निघून ती उघड्या मांडीवर आली होती आणि तिची कड आता कुठल्याही मातीत लपलेली नव्हती.

खरं सांगायचं तर याच घटकेला काळूरामला सगळं कळलं होतं. पोर बरोबर होती. गेरूखाली रोग थांबत नव्हता, नुसता दिसत नव्हता. आणि हे आजचंच नव्हतं. गेल्या वीस पावसाळ्यांत त्यानं रंगवलेला एकेक पाय त्याच्या डोळ्यांपुढून गेला. हिरूचा, सदूच्या आईचा, कुंभिवलीहून गाडीत घालून आणलेल्या त्या म्हाताऱ्याचा. बाहेर पोशा बैल घेऊन चालला होता. त्यानं ओट्याशी थांबून हाक मारली.

"काळूदा, वयनी कशी हाय रं?"

"उतार हाय," काळूराम आतून म्हणाला.

हा शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला मागे फिरता येईना. त्यानं मडकं ओढलं. माती कालवली. पीस घेतलं. आणि जांभळ्या रेघेवरून, चार बोटं लालीवरून आणि तिच्याही वर, पार मांडीच्या मध्यापर्यंत गेरू लावला. रेघ दिसेनाशी झाली. त्यानं या वेळी काही पुटपुटलं नाही. पाय पुन्हा एकसारखा तांबडा दिसू लागला तेव्हा त्यानं पीस खाली ठेवलं आणि ओट्यावर जाऊन बसला.

या माणसाला काय म्हणावं? बायकोवर त्याचा जीव नव्हता असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. दोन मुलं जगली नाहीत तेव्हा लोकांनी दुसरी कर म्हणून मागे लागूनही त्यानं ठकूबाईला अंतर दिलं नव्हतं. तरी त्या सकाळी त्यानं तिच्या पायावरची ती रेघ झाकली. मनाशी तो म्हणत होता, गेरूला एक दिवस द्यावा, काल तो पुरेसा वर गेला नसेल, कदाचित उतरेल. आणि आत खोल त्याला ठाऊक होतं की उतरणार नाही.

दुपारी ठकूबाई बडबडू लागली. आवणाच्या मुठी कमी पडल्या म्हणून ती कुणावर तरी ओरडत होती. तिनं काळूरामला ओळखलं नाही. तेव्हा कुठे तो दारात येऊन सदूच्या नावानं ओरडला, आणि तो आवाज ऐकून सदू हातातली आवणाची मूठ तिथेच टाकून धावत आला.

बांबूला घोंगडी बांधून झोळी केली. पुढे सदू, मागे पोशा, आणि बाजूनं झोळीला हात धरून काळूराम. खाचरांच्या बांधांवरून दोन मैल चालत हमरस्ता गाठायचा होता. बांध निसरडे झाले होते. जिथे जिथे झोळी हिंदकळायची तिथे ठकूबाई कण्हायची, आणि मग एका ठिकाणी झोळी हिंदकळली तरी ती कण्हली नाही. काळूरामनं वाकून तिच्या नाकाशी हात धरला. श्वास होता. तो पुन्हा चालू लागला.

दवाखान्यात येसूबाई होती, डॉक्टरही होते. त्यांनी ठकूबाईला टेबलावर घेतलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जांघेतली गाठ पाहिली, पापण्या उलटून पाहिल्या.

"काळूकाका, लाली रेघेच्या वर कधी गेली?" येसूबाईनं विचारलं.

"आताच," काळूराम म्हणाला. "दुपारच्याला."

डॉक्टर म्हणाले, "मग अजून हातात आहे. इंजेक्शन देऊ, आजची रात्र इथेच ठेवू आणि सकाळी पाहू. सकाळपासून वर सरकत असती तर मी इथे ठेवलंच नसतं. विष रक्तात भिनलेलं असतं. इथे तेवढी सोय नाही, तिला तडक पनवेलला न्यावं लागलं असतं."

येसूबाईनं पाण्याच्या भांड्यात कापूस बुडवला आणि ती मांडीवरचा गेरू पुसायला वाकली. काळूराम त्या ओल्या कापसाकडे बघत होता. आता तो कापूस खाली येणार, गेरू निघणार आणि त्याच्याखालून जांभळी रेघ आणि तिच्यावर कधीची चढलेली लाली उघडी पडणार.

"थांब," तो म्हणाला. "सकाळी. सकाळीच गेलती वर. मी वरनं गेरू लावला."

हे त्यानं ठकूबाईच्या जिवासाठी सांगितलं की आता उघडं पडणारच म्हणून सांगितलं, ते त्याचं त्यालाही पुढे कधी नक्की ठरवता आलं नाही. दाराशी सदू उभा होता. त्याच्या आईचा पाय काळूरामनं दोन वर्षांपूर्वी रंगवला होता, आणि ती त्यातून उठली नव्हती. तो काळूरामकडे पाहत राहिला, मग खाली मान घालून बाहेर निघून गेला.

येसूबाईनं कापूस काळूरामच्या हातात दिला.

"तुम्हीच पुसा," ती म्हणाली. "मी सुई भरते."

त्यानं गेरू पुसला. सकाळचा थर वाळून भेगाळला होता, पोपडे निघाले. खाली ती रेघ होती. रेघेच्या वर लाली वीतभर चढली होती, मधे कातडी काळपट पडून तिथे पाण्याचे फोड आले होते. काळूरामनं आपलाच उपाय पहिल्यांदा उघडून पाहिला तो असा. तो पुसत राहिला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली. रस्त्यापलीकडच्या धाब्यावर भाजीचा ट्रक उभा होता. ड्रायव्हरनं जेवण अर्धं टाकलं आणि कोबीच्या पोत्यांवर जागा केली. येसूबाई स्वतः बरोबर बसली. पनवेलला ठकूबाई एकोणीस दिवस होती. तिथे मांडीची मेलेली कातडी कापून काढावी लागली. आठव्या दिवशी तिनं काळूरामला ओळखलं आणि लावणी आटपली का असं विचारलं.

ती जगली. पाय मात्र पहिल्यासारखा झाला नाही, पोटरी कायमची जाड राहिली. एकदा धावरं झालं की त्या पायाला ते पुन्हा पुन्हा होऊ शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं, चिखलात जायचं नाही, गेलंच तर घरी आल्याबरोबर पाय धुऊन बेचकी कोरडी ठणठणीत करायची आणि जांभळं औषध लावायचं. पावसाळा जवळ आला की काळूरामला झोप लागेनाशी होई. आभाळ भरून आलं की त्याची नजर आधी तिच्या पायाकडे जाई. गेरू लावणं त्यानं बंद केलं. लोकांना तो दवाखान्यात जा म्हणायचा. काहींनी ऐकलं. काही म्हणाले की नर्सच्या हातचं पाणी पिऊन काळूचा गुण गेला. सदू त्याच्याशी पुढे कधी बोलला नाही, आणि काळूरामनंही त्याला बोलावलं नाही, कारण बोलावून सांगायचं काय?

पुढल्या आषाढात ठकूबाई ऐकेना. घरचं खाचर तरी लावते म्हणाली आणि चार दिवस गेली. रोज संध्याकाळी काळूराम तिचा पाय मांडीवर घेऊन बसायचा आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक बेचकं पुसायचा. बायकोचे पाय पुसणारा नवरा म्हणून गावात हसं व्हायचं ते झालंच. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते वेगळंच. वर्षभर एक गोष्ट त्याची सांगायची राहिली होती. त्या सकाळचं ठकूबाईला काही ठाऊक नाही, ती तापात होती, असं तो धरून चालला होता. दवाखान्यातल्या कुणी तिला सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी पाय पुसता पुसता तो म्हणाला, "ठके, तुला येक सांगायचं हाय. गेल्या साली ती रेघ..."

"तुमी रेघंवरनं गेरू लावलात ते?" ठकूबाई म्हणाली. "मी जागी व्हते."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं.

"डोळं मिटून पडले व्हते. पीस वर चाललंय ते कळलं मला. रेघ कुठं हाय ते बी ठावं व्हतं. येशी सांगून गेलती ना, ते मी ऐकलं व्हतं."

"मंग बोललीस का नाय गं?"

"पोशा दारात व्हता. तुमी त्याला उतार हाय म्हनून सांगितलंत." ती जरा थांबली. "म्हटलं, ऱ्हाऊ दे. येवढी वर्सं गावात तुमचं नाव हाय."

ती मरत होती आणि काळूरामचं नाव राखत होती, आणि हे तिनं वर्षभर आपल्या पोटात ठेवलं होतं, जसं त्यानं आपलं ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बोलायचं व्हतंस," तो म्हणाला. "येक डाव बोलायचं व्हतंस."

ठकूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती खरोखरच विचारत होती.

"बोलले असते तर गेरू पुसला असता काय तुमी?"

होय म्हणायला काळूरामनं तोंड उघडलं. बाहेर ओट्याखाली पागोळ्या पडत होत्या. त्यानं तोंड मिटलं, राहिलेलं बेचकं पुसायला घेतलं, आणि ठकूबाईनं त्याला पुन्हा विचारलं नाही.